त्वचेच्या विकारांचीं नांवें व त्यांतील भेद

कातडीच्या विकारांस आपल्या उंब्रज भागांत नांवें पुष्कळ आहेत; परंतु एकाचें नांव दुसऱ्यास दिल्यानें उपाय चुकतो. सबब त्यांतील भेद आम्ही शेतकरी बंधूंकरितां थोडक्यांत देतों.

नायटा अथवा गजकर्ण बुरशीमुळें होतें. चट्टा वाटोळा पसरतो. घामट, ओल्या कपड्यांनीं बळावतो. स्टेरॉइडयुक्त मलमानें खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी फोफावते. खरूज सूक्ष्म किडीनें होते; बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठून रात्रीं खाज वाढते. घरांतील सर्वांनीं एकाच वेळीं औषध लाविल्याविना ती हटत नाहीं. इसब मात्र संसर्गानें होत नाहीं. गाजरगवताच्या स्पर्शानेंही कित्येकांस तसाच विकार जडतो.

खरा घोटाळा 'कुष्ठ' या शब्दाचा आहे. चरकसंहितेंत कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले असून त्यांत किरकोळ त्वचारोगही येतात. कोडासही लोक 'श्वेतकुष्ठ' म्हणतात व त्या नांवाच्या धास्तीनें सोयरिकी मोडतात. वस्तुतः कोडांत केवळ रंग जातो. तें स्पर्शानें पसरत नाहीं.

महारोग निराळा. त्याचा जंतु नॉर्वेच्या हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधिला. त्याचा चट्टा फिकट वा लालसर असून सामान्यतः खाजत नाहीं. तेथें स्पर्श वा चटका कळत नाहीं. असा चट्टा नायटा समजून मलमें चोळीत बसूं नये. सरकारी आरोग्य केंद्रांत औषध विनामूल्य मिळतें व सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. विलंब केल्यास बोटें वांकतात. मग रोग गेला तरी नांगराची मूठ धरणें कठीण होतें.