ईमेलची स्वयंचलित वर्गवारी : आकृतिबंधाची निवड

अनेक मेलिंग लिस्टांचे सभासदत्व पत्करलेल्या अभ्यासकास रोजचे टपाल हाताने निवडणे जिकिरीचे होते. म्हणून ते काम नियमांकरवी संगणकावर सोपविण्यात येते. प्रत्येक नियमाची अंगे दोन : पत्राच्या शीर्षभागात शोधावयाचा आकृतिबंध, आणि तो आढळल्यास करावयाची क्रिया. पैकी क्रिया सोपी आहे. खरा विवेक आकृतिबंधाच्या निवडीत लागतो.

या आकृतिबंधांचे मूळ गणितात आहे. स्टीफन क्लेनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनातून ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ ही संकल्पना पुढे आली. केन टॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये तिच्या आधारे मजकूर शोधण्याची रीत मांडली. १९९० मधील प्रोकमेल या प्रणालीने तिचा उपयोग टपालाच्या वर्गवारीसाठी केला. २००१ साली सीव्ह ही याच कामाची स्वतंत्र नियमभाषा प्रमाणित झाली.

आता आकृतिबंध शोधावयाचा कोठे? विषयाच्या ओळीत यादीचे नाव चौकटी कंसात असते. नवशिक्याची दृष्टी प्रथम तेथेच जाते. परंतु एखाद्या सभासदाने आपणास खाजगी उत्तर धाडले, तर विषयाची ओळ तीच राहते. ते पत्र यादीच्या खणात जाऊन पडते आणि कित्येक दिवस न वाचलेले राहते. उलटपक्षी, ‘प्रति’ या ओळीवर विसंबावे, तर यादीचा पत्ता गुप्त प्रतीत घातलेले पत्र नियमातून निसटते.

यावर उपाय म्हणजे ‘लिस्ट-आयडी’ ही ओळ होय. मार्च २००१ मधील आरएफसी २९१९ या लेखाने तिचे स्वरूप निश्चित केले. ही ओळ पत्रलेखक लिहीत नाही; यादी चालविणारी यंत्रणा ती जोडते. म्हणून ती विषयाचे नव्हे, तर पत्र कोणत्या मार्गाने आले याचे गमक ठरते. खाजगी उत्तर यादीच्या मार्गाने येत नसल्याने त्यावर ही ओळ सहसा नसते.

तथापि येथेही काटेकोरपणा हवा. केवळ ‘इतिहास’ हा आकृतिबंध ‘कला-इतिहास’ या यादीलाही लागू पडेल. यादीची ओळखखूण कोनी कंसात असते. सबब आरंभीचा कंसही आकृतिबंधात घ्यावा. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये टिंब कोणत्याही एका चिन्हाची जागा घेते. खरे टिंब अभिप्रेत असल्यास त्यापूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी. नियमांचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रोकमेलमध्ये पत्र एका खणात पडले की सामान्यतः पुढील नियम तपासले जात नाहीत. सीव्हमध्ये ‘स्टॉप’ ही आज्ञा दिल्याखेरीज तपासणी चालू राहते. अर्थात विशेष नियम आधी, व्यापक नियम नंतर.

चुकीचा नियम तक्रार करीत नाही, तो मुकाट्याने पत्र दडवितो. म्हणून नवा नियम प्रथम पत्राची केवळ प्रत काढण्यापुरता चालवावा, आणि तो जुन्या टपालावर पारखल्यानंतरच मूळ पत्र हलविण्याचा अधिकार त्यास द्यावा.