एकशे पंचविसावी तबकडी

५ ऑगस्ट २०२४. फ्रान्समधली शातोरूची शूटिंग रेंज. स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात ब्राँझपदकाची लढत सुरू आहे. एका बाजूला महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका, दुसऱ्या बाजूला चीनची जोडी. दोन्ही संघांना ४८-४८ तबकड्या. निकाल लागला : चीन ४४, भारत ४३. एका तबकडीने ऑलिम्पिक पदक हुकलं.

ती एक तबकडी नेमकी कितवी होती? खरं सांगायचं तर त्याने काहीच फरक पडत नाही. गुणफलकावर पहिल्या तबकडीला एक गुण आणि शेवटच्या तबकडीलाही एकच. या खेळाची सगळी गंमत आणि सगळा छळ इथेच आहे. शेवटची तबकडी आली तरी तुमच्या शरीराला आणि डोक्याला ती पहिलीच वाटली पाहिजे. स्टॅमिना आणि फोकस हवा तो यासाठी.

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसमध्येच ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे ही नावं पटकन आठवतात. पण ही सगळी रायफल-पिस्तूलवाली मंडळी. तिथे लक्ष्य जागेवर उभं असतं, शॉटगनमध्ये ते पळतं. आणि भारताचं नेमबाजीतलं पहिलं ऑलिम्पिक पदक याच शॉटगनचं आहे बरं का! २००४ साली अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंग राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य जिंकलं होतं.

खेळ नेमका काय?

ट्रॅपचं उदाहरण घेऊ. समोर जमिनीत खंदक, त्यात १५ यंत्रं. तुम्ही त्याच्या मागे १५ मीटरवर उभे. ‘पुल’ असा आवाज दिला की ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची तबकडी ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. पहिला बार साधारण सेकंदाच्या आत उडायला हवा. नावात ‘क्ले’ असलं तरी ही तबकडी मातीची नसते. डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची भुकटी यांपासून ती बनवतात.

अशा २५ तबकड्यांची एक फेरी. पात्रता स्पर्धेत पाच फेऱ्या, म्हणजे १२५ तबकड्या, बहुतेकदा दोन दिवसांत.

आता जरा हिशेब करा. बंदूक साधारण साडेतीन किलोची. ती १२५ वेळा उचलायची, म्हणजे जवळजवळ ४४० किलो वजन खांद्यापर्यंत न्यायचं. शिवाय प्रत्येक बाराचा धक्का खांद्यावर. वर ऊन, अंगात काडतुसांचं जॅकेट, कानांवर इअरमफ. एनसीसीच्या कॅम्पात ज्यांनी पालथं पडून पॉइंट टू टू रायफल चालवली आहे, त्यांना चार-पाच गोळ्यांतच मान आणि खांदा कसा बोलायला लागतो, हे आठवत असेल. इथे तर सगळं उभ्याने!

दमल्याचं आधी कळत नाही

धावताना दमलात तर धाप लागते. शूटिंगमध्ये थकवा चोरपावलांनी येतो. चौथ्या फेरीत गाल बंदुकीच्या दस्त्यावरून किंचित उचलला जातो. कंबर वळायची थांबते आणि नुसते हात बंदूक ओढायला लागतात. छर्रे तबकडीच्या मागून निघून जातात. तुम्हाला वाटतं, ‘नेम चुकला’. खरं तर पाय आणि पाठ दमलेली असते.

म्हणून तयारी खालून वर करायची. पायांसाठी स्क्वॉट्स आणि लंजेस. पोट-पाठीसाठी प्लँक. कंबरेतून वळण्याचे व्यायाम, खांद्यासाठी रबर बँड. दंड फुगवायची गरज नाही, खांदा शंभर वेळा सारखाच उचलता यायला हवा. आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा-पाऊण तास पळा, पोहा किंवा सायकल चालवा. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतपतच वेग ठेवा. यामुळे नाडी लवकर खाली येते आणि दोन तबकड्यांच्या मधल्या वेळात श्वास जागेवर येतो.

यातल्या कशालाही रेंज लागत नाही, हेही महत्त्वाचं. हा खेळ महागडा आहे. प्रत्येक काडतुसाचे आणि प्रत्येक तबकडीचे पैसे मोजावे लागतात. शरीर तयार नसताना रेंजवर जाऊन दमणं म्हणजे घरच्यांचे पैसे हवेत उडवणं. अनुभवी नेमबाजही रिकाम्या बंदुकीने आरशासमोर शेकडो वेळा ती खांद्याला लावण्याचा सराव करतात. अर्थात बंदूक रिकामी आहे ना, हे दोनदा तपासूनच. नवख्यांनी प्रशिक्षकासमोरच. परवाना आणि सुरक्षेचे नियम इथे पर्यायी विषय नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पाणी प्या. सकाळी तर्रीदार मिसळ नको, ती संध्याकाळी खा. आणि आदल्या रात्री मोबाइल बाजूला ठेवून झोपा.

फोकस सतत नको

‘पूर्ण वेळ फोकस ठेव’, हा सल्ला आपण दहावीपासून ऐकत आलोय. ट्रॅपमध्ये तो पाळलात तर दुसऱ्या फेरीतच डोकं भणभणेल. सहा जणांचा गट असतो. पाळीपाळीने एकेक जण मारतो आणि पुढच्या जागेवर सरकतो. म्हणजे तुमची एक तबकडी झाली की पुढची येईपर्यंत साधारण मिनिटभर जातं. खरं लक्ष हवं फक्त शेवटच्या काही सेकंदांत. ते सव्वाशे वेळा ‘चालू’ आणि सव्वाशे वेळा ‘बंद’ करता आलं पाहिजे.

त्यासाठी प्रत्येकाचं एक ठरलेलं रूटीन असतं. उदाहरणार्थ : रिकामी काडतुसं काढली, पुढच्या जागेवर गेलो, नजर लांबच्या झाडांवर सैल सोडली. पाळी जवळ आली की काडतुसं भरली, पाय रोवले, एक लांब श्वास सोडला, बंदूक खांद्याला, गाल दस्त्यावर, नजर खंदकाच्या वर. ‘पुल’. दर वेळी हाच क्रम, हाच वेग. सरावात हे इतकं अंगवळणी पाडायचं, की अंतिम फेरीत हात थरथरले तरी क्रम बिघडणार नाही.

आणि तबकडी सुटली तर? सुटणारच. त्या एका मिनिटात तुमच्यासमोर दोन रस्ते असतात. ‘आता पंचवीस गेले, मेडल गेलं, सर काय म्हणतील’ हा एक. यात पुढची तबकडी हमखास जाते. दुसरा म्हणजे स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : काय झालं? गाल उचलला? बरं. पुढच्या वेळी गाल. विषय संपला, नजर पुन्हा झाडांवर. सविस्तर पोस्टमॉर्टेम संध्याकाळी वहीत करा. कोणत्या फेरीत, कोणत्या जागेवर, कोणत्या दिशेची तबकडी गेली, हे रोज लिहिलंत तर महिनाभरात वहीच सांगेल की तुम्ही डावीकडे कच्चे आहात की चौथ्या फेरीत दमता.

हे सगळं जमायला वय आड येत नाही. अमेरिकेच्या किम ऱ्होडने १७व्या वर्षी, १९९६ मध्ये पहिलं ऑलिम्पिक पदक जिंकलं आणि पुढे सलग सहा ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळवली. कुवेतच्या अब्दुल्ला अल रशिदींनी टोकियोत स्कीटचं ब्राँझ जिंकलं, तेव्हा ते ५७ वर्षांचे होते.

तेव्हा रेंज अजून लांब असली तरी सुरुवात करायला हरकत नाही. उद्या सकाळी अर्धा तास पळा. रात्री एक वही घ्या आणि आज लक्ष कुठे, कधी सुटलं तेवढं लिहा. लेक्चरमध्ये सुटलं असेल तर तेही लिहा. काडतुसांचा खर्च नंतर बघू.