वेग आवरायची तेवीस मिनिटे

सिद्धेश्वर धरणावरून कालव्याला आवर्तन सुटते, तेव्हा दार उचलल्याबरोबर टेलच्या शेतात पाणी पोहोचत नाही. वसमतकडची गरज आधी ओळखूनच पाणी सोडावे लागते. मंगळयान कक्षेत कसे बसवले हे इकडच्या पोरांना सांगताना मी इथूनच सुरुवात करतो. 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळ इतका लांब होता, की रेडिओ संदेशाला एका बाजूने सुमारे साडेबारा मिनिटे लागत. ऐन वेळी बंगळुरूच्या नियंत्रण कक्षातून बटण दाबून काही होणार नव्हते. कुठल्या सेकंदाला काय करायचे ते सगळे हुकूम आठवडाभराहून आधीच यानात भरून ठेवले होते.

त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने दगा दिला होता. आकाश मोकळे, त्यात अमावास्या आलेली. दिवस मावळला की धरणाजवळून नैऋत्येला दोन तांबडे ठिपके दिसत. लुकलुकणारी ती ज्येष्ठा तारका, शांत तेवणारा तो मंगळ.

त्या मंगळाशी यान नुसते पोहोचून भागणार नव्हते. वेग तोडला नसता, तर ते ग्रहाला ओलांडून पुन्हा सूर्याभोवतीच फिरत राहिले असते. आणि वेग तोडायचा म्हणजे यानच फिरवून इंजिनाचे तोंड प्रवासाच्या दिशेला करायचे. मला या मोहिमेतले सर्वांत अवघड काम हेच वाटते, उड्डाण नव्हे. यान असे वळले की मोठ्या अँटेनाची पृथ्वीकडची नजर सुटते, म्हणून संपर्क मधल्या क्षमतेच्या अँटेनावर घेतला. पाठोपाठ यान मंगळाच्या सावलीत शिरले. सौर पट्ट्यांना ऊन नाही, सारी भिस्त बॅटरीवर. मग ते मंगळाआड गेले आणि संपर्कही तुटला.

शिवाय हे 440 न्यूटनचे मुख्य इंजिन 1 डिसेंबर 2013 नंतर जवळजवळ तीनशे दिवस पेटलेच नव्हते. झडपा चिकटल्या तर? दोन दिवस आधी ते जेमतेम चार सेकंद पेटवून पाहिले. ते दगावलेच असते, तर आठ छोट्या थ्रस्टरांवर काम भागवायची तयारी होती.

सकाळी 7 वाजून 17 मिनिटांनी इंजिन पेटले आणि सुमारे तेवीस मिनिटे जळले. वेग सेकंदाला सुमारे 1.1 किलोमीटरने उतरला. आम्ही दूरदर्शनसमोर बसलो होतो. नियंत्रण कक्षातल्या माणसांच्या हाती तेव्हा घड्याळाकडे पाहण्यापलीकडे काही नव्हते. आठच्या सुमारास खबर आली, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या.

कक्षा लांबुळकी मिळाली. जवळचे टोक सुमारे 422 किलोमीटरवर, दूरचे जवळपास 77,000 वर. एका फेरीला तीन दिवस. त्या दूरच्या टोकावरून कॅमेऱ्यात मंगळाचे अख्खे बिंब एकाच चौकटीत मावे. सहा महिन्यांसाठी पाठवलेले हे यान 2022 पर्यंत टिकले. त्या एप्रिलमध्ये लागोपाठ ग्रहणे आली. त्यांतले एक साडेसात तासांचे होते, आणि बॅटरी बनवली होती पावणेदोन तासांहूनही कमी अंधारासाठी.