नव्या मोटारीचे इंजिन आणि पेट्रोलचा हिशेब

नवी मोटार घरी येते तेव्हा तिच्या रंगारूपाचे कौतुक होते. महिना सरतो, पेट्रोलच्या पावत्यांची बेरीज मांडली जाते, आणि त्या कौतुकात शंकेचा खडा पडतो. विक्रेत्याने लिटरला १८ किलोमीटर सांगितले होते. प्रत्यक्षात १३ सुद्धा पडत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूस ही केवळ पैशाची बाब राहत नाही. आलापल्लीहून भामरागडकडे किंवा सिरोंच्याकडे जाणारा रस्ता अरण्यातून जातो, वाटेत पेट्रोलपंप विरळ आहेत, आणि चुकलेला हिशेब गाडीला भर रानात उभी करू शकतो. म्हणून नवे इंजिन अधिक पेट्रोल का पिते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

ज्या घरांत पूर्वी जाते फिरत असे, तेथील वडीलधाऱ्यांना हे कोडे वाटणार नाही. जात्याला नवी टाकी लावली की पहिली काही दळणे ते जड चालते. पुढे दोन्ही दगड एकमेकांशी रुळले म्हणजे हात हलका फिरतो. इंजिनातील सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरही कारखान्यात मुद्दाम सूक्ष्म, परस्परांना छेदणाऱ्या रेघा काढलेल्या असतात. त्यांत वंगण टिकून राहते आणि पिस्टनच्या कड्या त्यांवर घासून भिंतीशी नेमक्या जुळतात. ही जुळणी होईपर्यंत घर्षण अधिक असते व जळलेल्या वायूंचा थोडा दाब कड्यांच्या बाजूने निसटतो. तेवढे पेट्रोल चाकांपर्यंत पोहोचतच नाही.

टर्बोचार्जर असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट भर घालते. आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचे हे फळ. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एक लहान चक्र फिरवतात. त्याच आसावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून पेट्रोलही अधिक, आणि म्हणूनच लहान इंजिनात मोठे बळ येते. परंतु हे बळ फुकटचे नव्हे. पाय हलका असेल तर अशी गाडी काटकसरीने चालते. अॅक्सिलरेटर वारंवार दाबला तर लहान इंजिनही मोठ्याएवढे खाऊ लागते. नव्या गाडीची हौस पाय हलका राहू देत नाही, ही खरी अडचण!

जाहिरातीतला आकडाही नीट समजून घ्यावा. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत ही चाचणी रुळांवर, ठरलेल्या वेगाने आणि अगोदर रुळवलेल्या गाडीवर होते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, वातानुकूलन अखंड चालते. त्या स्थितीशी प्रयोगशाळेचा मेळ कसा बसावा?

पहिले हजार-एक किलोमीटर बेताने चालवावेत, असे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिका सांगतात. अखेरचा शब्द आपल्या गाडीच्या पुस्तिकेचा. इंजिन फार जोराने पळवू नये. वरच्या गिअरमध्ये कण्हत ओढायलाही लावू नये. तासन् तास एकाच वेगाने जाण्यापेक्षा वेग थोडा कमीजास्त ठेवावा. चंद्रपूरहून मूल-सावलीमार्गे गडचिरोली हा सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास ह्या कामी उत्तम. तेथे जंगलातून वन्यप्राणी आडवे येतात, त्यामुळे संयम तसाही पाळावाच लागतो.

हिशेब मात्र टाकी काठोकाठ भरून करावा. समजा, पुन्हा टाकी भरेपर्यंत ३२० किलोमीटर झाले आणि २५ लिटर पेट्रोल मावले, तर लिटरला १२.८ पडले. अशा चार-पाच भरण्यांची नोंद वहीत ठेवावी. आकडा हळूहळू चढत गेला तर इंजिन रुळत आहे असे समजावे. पुस्तिकेतली मुदत उलटूनही तो फारच खाली राहिला, तर गाडी कारागिराला दाखवावी.

तोवर भामरागडच्या वाटेला लागताना जाहिरातीतला आकडा घरी ठेवावा, वहीतला सोबत घ्यावा, आणि टाकी आलापल्लीलाच भरून घ्यावी.