आधी कोणाकडे?

चार पेशंट आहेत. पहिल्याचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, दुखणं दहापैकी सात. दुसऱ्याला सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), ऑक्सिजन 90 टक्के. तिसरीची थायरॉइड काल काढली, ओठांभोवती मुंग्या येताहेत. चौथ्याची जेवणाआधीची शुगर 210. आधी कोणाकडे जाल?

नाइट ड्युटी उरकून लॅपटॉपसमोर बसलेल्या दोघींपैकी एक म्हणाली, “ऑक्सिजन!” दुसरी म्हणाली, “अगं, सीओपीडीला नव्वद चालतं. मुंग्या बघ.” थायरॉइडला चिकटलेल्या इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना ऑपरेशनमध्ये धक्का लागला, तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं. मुंग्यांपासून सुरू झालेलं दुखणं स्वरयंत्र आवळण्यापर्यंत जाऊ शकतं. ज्याचं लक्षण त्याच्या आजारात अपेक्षितच आहे, तो थांबू शकतो.

दोघींची तयारी चाललीय एनक्लेक्सची. अमेरिकेत नर्सचं लायसन्स हवं असेल तर ही परीक्षा द्यावी लागते. उत्तर बरोबर आलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न अवघड टाकतो, चुकलं की सोपा. किमान 85, कमाल 150 प्रश्न, वेळ पाच तास. उमेदवार पास की नापास याची 95 टक्के खात्री झाली, की पडदा मध्येच बंद. एप्रिल 2023 पासून केस स्टडीही आल्या: एकाच पेशंटच्या नोंदी वाचत सलग सहा प्रश्न.

पाठांतर इथे फारसं कामी येत नाही, आणि गंमत म्हणजे अनुभवही कधीकधी आडवा येतो. आपल्याकडे पेशंटला भरवायला, कूस बदलायला नातेवाईक असतात, नाहीतर मावशी. प्रश्नातल्या वॉर्डात नातेवाईक नाहीतच. तिथे मदतनीस स्थिर पेशंटचं बीपी घेईल, लघवी मोजेल. पण पेशंटची तपासणी करून अंदाज बांधणं, त्याला समजावणं हे नर्सचंच काम. माणसं, सामान, वेळ सगळं हाताशी आहे असं धरून उत्तर द्यायचं. चाळीस खाटा एकटीने सांभाळलेल्या बाईला हे जड जाणारच!

दोघींच्या वहीत चुकांचे तीन रकाने आहेत: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, वॉर्डातल्या सवयीने केलं. तिसरा सगळ्यात लांब.

पुढचा प्रश्न मात्र वॉर्डातलाच निघाला. गरोदर बाई, बीपी वाढलेलं, मॅगसल्फची (मॅग्नेशियम सल्फेट) ड्रिप चालू. गुडघ्याचा झटका येत नाही, श्वास मिनिटाला 10. “ड्रिप बंद!” दोघी एकदमच. डॉक्टरांना कळवणं, कॅल्शियम ग्लुकोनेट देणं त्यानंतर. जास्त झालेलं औषध विषासारखं आत जात असताना फोन कसला करता?

उत्तर बरोबर होतं, तरी स्पष्टीकरण उघडलंच. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला त्या एकच प्रश्न विचारतात: हे कोणत्या पेशंटसाठी बरोबर ठरलं असतं? ‘ड्रिप चालू ठेवून तासाभराने पुन्हा तपासा’ या पर्यायावर थोरली म्हणाली, “गुडघ्याचा झटका येतोय, श्वास 16, लघवी ताशी 30 मिलिच्या वर. तिच्यासाठी.” धाकटीने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न उघडला.