टाइट एंड की वाइड रिसीव्हर? जिमी ग्रॅहमचा ५० लाख डॉलरचा वाद काय होता?

अमेरिकेच्या एनएफएल लीगमध्ये खेळाडू मैदानात कुठे उभा राहतो, यावरही त्याची कमाई ठरू शकते. न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या जिमी ग्रॅहमला २०१४ मध्ये याचाच फटका बसला.

टाइट एंड म्हणजे कोण?
आक्रमक फळीच्या टोकाला, टॅकलच्या शेजारी उभा राहणारा खेळाडू. त्याला दुहेरी काम असते: प्रतिस्पर्ध्याला अडवायचे आणि संधी मिळताच पुढे धावून पास झेलायचा. वाइड रिसीव्हर फळीपासून लांब उभा राहतो. त्याचे मुख्य काम पास झेलणे. पैसा मात्र त्यालाच जास्त.

ग्रॅहम वेगळा का होता?
मायामी विद्यापीठात तो चार वर्षे बास्केटबॉल खेळला, फुटबॉल फक्त एक वर्ष. तरीही २०१० मध्ये सेंट्सने त्याला तिसऱ्या फेरीत निवडले. पुढच्याच वर्षी त्याने ९९ पास झेलत १,३१० यार्ड कमावले. २०१३ मध्ये त्याने झेललेले १६ टचडाउन पास लीगमध्ये सर्वाधिक होते.

वाद कशावरून?
करार संपल्यावर सेंट्सने त्याला 'फ्रँचायझी टॅग' लावला. या नियमानुसार संघ खेळाडूला आणखी एक वर्ष अडवून ठेवू शकतो. त्या जागेवरच्या महागड्या खेळाडूंच्या मानधनावरून टॅगची रक्कम ठरते. टाइट एंडसाठी ती सुमारे ७० लाख डॉलर होती, वाइड रिसीव्हरसाठी सुमारे १ कोटी २३ लाख.

आपण बहुतेक वेळा फळीपासून दूर उभे राहतो, त्यामुळे आपल्याला रिसीव्हर धरावे, असा ग्रॅहमच्या बाजूचा दावा होता.

निकाल काय लागला?
जुलै २०१४ मध्ये लवाद स्टीफन बरबँक यांनी दावा फेटाळला. टॅकलपासून चार यार्डांच्या आत उभा असताना तो टाइट एंडच ठरतो, असे त्यांनी म्हटले. ग्रॅहमने ट्विटरवर स्वतःची ओळख 'टाइट एंड' अशीच दिली होती, याचीही निकालात नोंद झाली.

पुढे काय झाले?
त्याच महिन्यात सेंट्सने त्याच्याशी चार वर्षांचा ४ कोटी डॉलरचा करार केला. पण २०१५ मध्ये त्याला सिएटल सीहॉक्सकडे पाठवले. तिथे पहिल्याच हंगामात त्याच्या गुडघ्याचा स्नायूबंध तुटला. त्यातून सावरून तो २०१६ मध्ये पुन्हा प्रो बोलसाठी निवडला गेला आणि २०२३ मध्ये सेंट्सकडे परतला.

वाद एकाच खेळाडूचा होता, पण प्रश्न सगळ्याच टाइट एंडचा होता: काम रिसीव्हरचे, तर दाम कोणाचा?