उतू जाणारं दूध आणि नागोयाचे उंदीर

नाशिकच्या एका वाचकबाईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या मुलीला ल्युपस आहे. चेहऱ्यावरच्या चट्ट्यांनी सुरू झालेला आजार आता मूत्रपिंडापर्यंत पोचलाय. त्या विचारतात, ‘रक्ताच्या कर्करोगासाठी आयआयटी मुंबईत ज्या पेशी तयार झाल्या, त्या माझ्या मुलीला चालतील का?’

प्रश्न अगदी नेमका आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात गेओर्ग शेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही असंच काहीसं वाटलं होतं. २०२१ मध्ये त्यांनी वीस वर्षांच्या एका ल्युपसग्रस्त तरुणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिच्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, काढून त्यांत एक जनुक घातलं आणि बी-पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखायला त्यांना शिकवलं. मग त्या तिला परत दिल्या. ल्युपसमध्ये बी-पेशी स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात. या नव्या टी-पेशींनी बऱ्या-वाईट सगळ्याच बी-पेशी पुसून टाकल्या. काही महिन्यांनी अस्थिमज्जेतून नव्या बी-पेशी आल्या, त्या कोऱ्या पाटीसारख्या. जुनं वैर त्यांना ठाऊकच नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच गटाने १५ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यांतले ८ ल्युपसचे होते आणि आठहीजण स्टेरॉइडसकट सगळी औषधं सोडून बरे राहिले होते.

लगेच ‘ल्युपस बरा झाला’ असे मथळे आले. मला तो शब्द अजून वापरवत नाही. रुग्ण पंधराच, तुलनेला दुसरा गट नाही. शिवाय पेशी देण्याआधी केमोथेरपी दिलेली होती आणि तिच्यातलं सायक्लोफॉस्फामाइड ल्युपसवर एरवीही वापरतात. कोणाचं श्रेय किती, हे मोठ्या चाचण्याच सांगतील. तरीही ज्यांची मूत्रपिंडं धोक्यात होती त्यांच्या हातातल्या गोळ्या सुटल्या, ही गोष्ट लहान नाही.

पण माझं मन रमतं ते दुसऱ्या वाटेत. दूध उतू जायला लागलं की आपण काय करतो? चार थेंब पाण्याचा शिंतोडा मारतो, फेस खाली बसतो. आजची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं म्हणजे दूध उतू जातंय म्हणून घरातला सिलिंडरच बंद करणं. दूध वाचतं, पण भातही कच्चा राहतो. साध्या जंतुसंसर्गाशीही लढणं मग शरीराला जड जातं. शिंतोडा मारणाऱ्या पेशी मात्र आपल्या शरीरात मुळातच आहेत. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात.

त्यांचा माग पहिल्यांदा लागला तो जपानमधल्या नागोयाला. तिथल्या आयची कर्करोग केंद्रात निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ मध्ये एक विलक्षण निरीक्षण मांडलं. उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली तर मादी पिलाचे अंडाशय झडून जातात, सातव्या दिवशी काढली तर काही होत नाही. फक्त चार दिवसांचं अंतर! हल्ला करणाऱ्या पेशी थायमसमधून आधी बाहेर पडतात आणि आवरणाऱ्या जरा मागाहून, हा त्याचा अर्थ पुढे उलगडला.

त्याच सुमारास येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन ‘दाबणाऱ्या’ टी-पेशी असल्याचं सांगत होते. या पेशींवर शेकडो शोधनिबंध निघाले. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांचं म्हणून जे जनुक सांगितलं जात होतं, ते त्या जागी नाहीच असं आढळलं. सगळं क्षेत्र बदनाम झालं. गर्शन १९८३ मध्येच गेले. तपशील चुकला होता, मूळ कल्पना नव्हे, हे पाहायला ते राहिले नाहीत याची मला फार हळहळ वाटते.

निशिझुकांच्या प्रयोगशाळेत आलेल्या शिमोन साकागुची यांनी मात्र ते उंदीर सोडले नाहीत. थायमस काढलेल्या पिलांना निरोगी उंदरांच्या टी-पेशी टोचल्या तर ती वाचतात, हे त्यांनी दाखवलं आणि १९९५ मध्ये आवरणाऱ्या पेशींची खूणही शोधून काढली. २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका खवल्या कातडीच्या, अल्पायुषी उंदरात फॉक्सपी३ हे जनुक पकडलं. तेच या पेशींचं मुख्य जनुक निघालं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. बातम्यांत नागोयाच्या १९६९ च्या उंदरांचा उल्लेख फारसा दिसला नाही, म्हणून इथे मुद्दाम केला.

आता या शांत पेशींनाच पत्ता देण्याचं काम चालू आहे. कॅनडातल्या मेगन लेव्हिंग्ज यांच्या गटाने २०१६ मध्ये नियामक पेशींना एचएलए-ए२ ही खूण ओळखायला शिकवलं. मूत्रपिंड रोपणात दात्याच्या मूत्रपिंडावर ही खूण असेल आणि रुग्णाच्या पेशींवर नसेल, तर या पेशी नेमक्या नव्या मूत्रपिंडापाशी जाऊन थांबतील, असा विचार आहे. माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. एक भीती आहे: दाह फार वाढला तर यांतल्या काही पेशी फॉक्सपी३ गमावून स्वतःच हल्लेखोर होऊ शकतात.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलबरोबर घडवलेल्या नेक्सकार१९ चं लक्ष्यही सीडी१९च आहे, त्यामुळे आपला अंदाज शास्त्राला धरून आहे. पण २०२३ मध्ये मिळालेली परवानगी बी-पेशींच्या कर्करोगांसाठी आहे. ल्युपसला असा उपचार मिळेल तो नोंदणी झालेल्या चाचणीतच. अशा चाचण्या ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’च्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. मुलीच्या संधिवाततज्ज्ञांना ती यादी दाखवा, आणि तोवर तिची एकही गोळी चुकू देऊ नका.